लाकडी बासरीला मास्तर हवा

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं सूचीकार बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले. पण राहून जाणं वेगळं आणि न देणं वेगळं, हे त्यांनाही कळत होतं. राहून गेलेली पत्रं कागदांच्या ढिगाखाली दबतात, कपाटामागे पडतात. हे पत्र कुठेच दबलं नव्हतं. जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीला टेकून ते उभं होतं, आणि सूचीकार दोन्ही वेळा त्याच्यासमोर मान खाली घालून जेवत होते.

सूचीकार हे काही त्यांचं नाव नव्हे. शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात, संगीताच्या विभागात, पुस्तकांची आणि स्वरलिपीच्या वह्यांची सूची करण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाले तरी लोकांच्या तोंडी तेच राहिलं. लग्न केलं नाही. ते मात्र खरोखरच राहून गेलं. वरच्या मजल्यावर त्यांची थोरली बहीण राहायची. तिने हयातभर लोकांना मोटार चालवायला शिकवलं होतं, त्यामुळे ताई कुणाशीही बोलताना शेजारच्या सीटवर बसल्यासारखी बोलायची आणि तिचा एक पाय सदैव ब्रेकवर असायचा.

पत्र होतं एका चष्मेवालीचं. रेल्वेचे रूळ जिथे संपतात तिथल्या लहानशा गावात तिचं दुकान होतं. दिवसभर ती भिंगं घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. तिने लिहिलं होतं, की आपल्याकडे एक बरोक बासरी आली आहे आणि ती काही केल्या ऐकत नाही.

बरोक बासरी म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी दरबारांत आणि दिवाणखान्यांत वाजायची ती. लाकडाची, आडवी, चार तुकड्यांत उघडणारी. तिला सहा भोकं आणि करंगळीपुरती एक पितळी कळ. आजकालच्या वाद्यवृंदात चांदीची बासरी असते, तिच्या अंगावर कळांचं रान माजलेलं असतं, आणि जो हवा तो सूर तयार मिळतो. लाकडीवर तो बोटांनी आणि ओठांनी करून घ्यावा लागतो. चष्मेवालीने लिहिलं होतं: ‘काही सूर लख्ख येतात आणि काही रजई पांघरल्यासारखे. चूक माझी की बासरीची, हे सांगायला इथे कोणी नाही. इंटरनेटवरून शिकून पाहिलं. पण मी लांब सूर धरला की कॉम्प्युटरला वाटतं हा पंख्याचा आवाज, आणि तो मला गप्प करून टाकतो. तुम्ही ही बासरी वाजवता असं कळलं. शिकवाल का? सुट्टीच्या दिवशी मी गाडीने येऊ शकते.’

‘तुम्ही वाजवता असं कळलं’ या वाक्याशी सूचीकारांच्या कानाच्या पाळ्या दर वेळी गरम होत. वाजवत होते, हे खरं. पण कुणासमोर? ताईला जमिनीतून ऐकू यायचं तेवढंच. तरुणपणी त्यांच्या विभागात एका जुन्या शिकवणीच्या पुस्तकाची छापील नक्कल आली होती. सूची करणाऱ्याने पुस्तक चाळायचं असतं, वाचायचं नसतं. सूचीकारांनी वाचलं. पहिल्याच पानावर, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं एक चित्र होतं: केसांचा टोप घातलेला एक गृहस्थ बासरी ओठाला लावून ऐटीत उभा. सूचीकारांनी एक साधी बासरी मिळवली, त्या गृहस्थासारखे उभे राहिले, पुस्तकात म्हटलं तसं फुंकत गेले, आणि बघता बघता म्हातारे झाले. मास्तर असा कधी नव्हता. दुसरा वाजवणारा त्यांनी कधी समोर पाहिलाही नाही. रेकॉर्डी ऐकायचे, पण कुणाला वाजवताना बघायचं मात्र ते टाळत आले होते. न जाणो, आपलं सगळंच चुकलेलं निघालं तर?

“अजून इथंच का हे?” ताईने पत्राकडे हनुवटी उडवली. “भाडं तरी घे त्याच्याकडून.”

“देतोय उत्तर.”

“काय देतोयस?”

“तिला एखादा चांगला मास्तर शोधून देतो. नाव-पत्ता मिळाला की लिहितो.”

“म्हणजे तिने विचारलं तुला, आणि तू विचारत सुटणार गावभर.”

“मी काय मास्तर आहे का, ताई? मलाच कुणी शिकवलं नाही.”

“आणि मी काय पोटातून क्लच दाबत आले होते?” ताई म्हणाली. पण सूचीकारांनी टोपी डोक्यावर घातली होती, आणि हा माणूस आपणहून घराबाहेर पडतोय याचंच तिला इतकं नवल वाटलं, की तिने पुढचं वाक्य गिळलं.

आधी ते संगीतशाळेत गेले. लांब बोळ, दोन्ही बाजूंना दारं, प्रत्येक दारामागे कुणीतरी तोच तुकडा पुन्हा पुन्हा चुकत होतं. बासरीचे मास्तर खिडकीत बसून बिस्किट खात होते. मांडीवर चांदीची बासरी, तिच्यावर बिस्किटाचा चुरा.

“कुणासाठी हवाय मास्तर?”

“एका... परिचितांसाठी.”

“म्हणजे तुमच्याचसाठी,” मास्तर म्हणाले. “लाजू नका. माझ्याकडे याहून मोठे विद्यार्थी येतात.”

“नाही, खरंच परिचित. आणि त्यांना लाकडीच शिकायची आहे.”

“ती एक कळवाली?” मास्तरांनी चुरा झटकला. “अहो, तिचा एक सूर या खोलीतून येतो आणि दुसरा पलीकडच्या. लोकांनी शंभर-दीडशे वर्षं डोकं चालवून ती सुधारली, ती काय उगाच? त्यांना म्हणावं, चांदीची घ्या, मी शिकवतो. नंतर हौस उरली तर खुशाल लाकडी फुंका.”

पलीकडच्या खोलीतून येणारा तो सूरच तर सूचीकारांना आवडायचा. लख्ख सुरांच्या ओळीत मधेच एक दबका सूर यावा, जसं बोलता बोलता माणूस आवाज खाली आणतो, यासाठीच तर जुन्या लोकांनी त्या चाली तशा बांधल्या होत्या. हे सगळं त्यांना बोळातून परत जाताना सुचलं. मास्तरांसमोर ते “बरं” म्हणाले होते.

मग अग्निशमन केंद्राच्या वरच्या सभागृहात, तिथे एक बाई मुलांना उभी बासरी शिकवायच्या. बाई भलत्याच उत्साही निघाल्या.

“आडवी आणि उभी, एवढाच फरक ना? शिकवीन की! कळ कुठे असते तेवढं सांगा.”

“तुम्ही कधी वाजवली आहे?”

“कधी पाहिलीही नाही. पण पुस्तक द्या. मी एक धडा पुढे, त्या एक धडा मागे. मुलांचं असंच चाललंय.”

सूचीकारांना ही बाई धन्य वाटली. एवढ्याशा भांडवलावर एवढी हिंमत! आपल्याकडे तिच्या दसपट भांडवल आहे आणि हिंमत तिच्या पासंगालाही पुरत नाही. तेवढ्यात खाली घंटा झाली, बंब गर्जत बाहेर पडला, मुलं खिडकीकडे धावली, आणि सूचीकार कुणाच्या लक्षात न येता जिना उतरले.

मास्तर मिळत नाही तर निदान पुस्तकं पाठवू, असा विचार करून ते आपल्या जुन्या विभागात जाऊन बसले. तिथे त्यांना कोण अडवणार? जुन्या शिकवण्या, कुठल्या ग्रंथालयाने काय फुकट उपलब्ध करून ठेवलं आहे, बोटं कशी ठेवायची याचे तक्ते, सगळं त्यांनी काढलं. तक्ते तीन होते आणि तिघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. एक म्हणत होता हे भोक झाका, दुसरा म्हणत होता अर्धं झाका, तिसऱ्याला ते भोक असल्याची खबरच नव्हती. कुठला कधी खरा, हे सूचीकारांना माहीत होतं, पण ते कुठे छापलेलं नव्हतं. ते बोटांना माहीत होतं. हा गठ्ठा चष्मेवालीला पाठवला, तर ती चाळीस वर्षांनी जिथे पोचेल तिथे आपण आज बसलो आहोत, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी पुस्तकं जागच्या जागी परत लावली.

राहिला बासरी घडवणारा. शहराबाहेर बस जिथे वळून परत फिरते तिथे त्याची कार्यशाळा होती. सूचीकारांचा त्याच्याशी जुना पत्रव्यवहार होता. सांध्यांवर गुंडाळायचा मेणाचा दोरा, आतून लावायचं बदामाचं तेल, असलं काय काय ते टपालाने मागवत. समोर मात्र कधी आले नव्हते. घडवणारा लेथपाशी उभा होता, भुवयांवर भुसा. मधाच्या रंगाच्या लाकडाच्या कांड्या भिंतीला लावून ठेवलेल्या, वर्षानुवर्षं सुकत पडलेल्या.

“मास्तर?” त्याने लेथ थांबवला. “या बासरीला? साहेब, बासऱ्या मी देतो, मास्तर काही लाकडात कोरता येत नाही. अख्ख्या भागात एकच माणूस वाजवतो म्हणे. ग्रंथालयात होता. माझं गिऱ्हाईक आहे. तेल किती संपतं त्यावरून सांगतो, रोज वाजवतो तो. पण काय उपयोग? पत्राला उत्तर देत नाही.”

“हो का,” सूचीकार म्हणाले.

“रेल्वेच्या त्या टोकाला एक चष्मेवाली आहे. तिला मीच पत्ता दिला त्याचा. बिचारी रोज टपालाची वाट बघते. माणसाने नाही म्हणावं, पण म्हणावं तरी!”

“आजारी असेल.”

“एवढं तेल पिऊन?”

सूचीकारांनी एक कांडी हातात घेतली आणि उगाच तिचं टोक न्याहाळलं. आपण कोण ते सांगायची हीच वेळ होती. वेळ आली, जरा थांबली, आणि गेली.

घडवणारा मग आपल्या नियमाबद्दल बोलला. त्याच्याकडे शिकणाऱ्यांसाठी एक बासरी होती, ती तो विकत नसे. एका मोसमापुरती उसनी द्यायचा. मोसम संपला की बासरी परत. ज्याला मास्तर मिळाला असेल त्याला मुदत वाढवून, नाहीतर पुढच्याला. “कडक वाटेल तुम्हाला. पण एकट्याने शिकणारे कंटाळतात, आणि कंटाळले की तिला कपाटात घालतात. न फुंकलेलं लाकूड सुकतं आणि तडकतं. एक अशीच गेली माझी. आता चष्मेवालीची मुदत थंडी पडेपर्यंत. मग पुढचा माणूस उभाच आहे, एक दातांचा डॉक्टर. त्याला त्याची आत्या शिकवणार आहे परगावी.”

“आणि त्यांना मास्तर मिळाला तर?”

“तर ठेवून घेऊ दे की! मास्तराने चार ओळी लिहून दिल्या, की बास. मला काय हौस आहे दातवाल्याच्या तोंडी बासरी द्यायची?” मग त्याने एका कागदाच्या चिटोऱ्यावर एक पत्ता खरडला. “दूरदेशी एक बाई आहेत, कॉम्प्युटरवरून शिकवतात. नावाजलेल्या. विचारून बघा. पण चष्मेवाली म्हणते, लांब सूर त्यातून पोचत नाही.”

बाहेर झाडं पिवळी पडली होती. बसमध्ये सूचीकारांनी तो चिटोरा खिशातून काढला, घातला, काढला. त्यांच्या मनात एक विचार आला होता आणि तो त्यांना पेलत नव्हता. शिकवायचं झालं, तर आधी आपलं बरोबर आहे की नाही हे कुणा जाणत्याने सांगायला हवं. एकदाच. पास की नापास.

कॉम्प्युटर ताईने लावून दिला. “हे बटण, हा कॅमेरा. तोंड इकडे. छताला काय दाखवतोस?” आणि ती वर निघून गेली, म्हणजे दाराबाहेर जिन्यावर बसली.

पडद्यावरच्या बाई पन्नाशीच्या होत्या, केस पांढरे, बोलणं झटपट. कुशलमंगल आटोपून त्या म्हणाल्या, “घ्या, धरून दाखवा बरं.”

सूचीकारांनी बासरी उचलली. बाईंनी मान कलती केली.

“तुमचा कॅमेरा उलटं दाखवतोय. आरशासारखं. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा.”

सूचीकारांनी सेटिंग शोधलं, काहीतरी दाबलं.

“अजून उलटंच आहे.” बाई पुढे झुकल्या. “गंमतच आहे. मागच्या शेल्फावरच्या पुस्तकांची नावं मला सरळ वाचता येताहेत.” मग त्या थांबल्या. “तुम्ही डावखुरे आहात?”

“नाही.”

“मग बासरी डावीकडे का धरलीय? सगळं जग उजवीकडे धरतं. डावा हात वर, उजवा खाली. तुमचे हात उलटे आहेत, काका.”

चांदीच्या बासरीवर हे करताच येत नाही. तिच्या कळा तसं करू देत नाहीत. पण लाकडीची भोकं सरळ रेषेत असतात, आणि शेवटचा तुकडा फिरवला की कळ हव्या त्या करंगळीखाली येते. तिने सूचीकारांना कधी अडवलंच नव्हतं.

“पुस्तकात तशी आहे,” सूचीकार म्हणाले. आवाज त्यांचा त्यांना ऐकू आला नाही. त्यांनी ते पुस्तक आणलं आणि पहिलं पान कॅमेऱ्यासमोर धरलं.

बाईंनी पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. हसू तरीही बाहेर आलंच. “त्याची तलवार बघा, काका. उजव्या कमरेला लटकलीय. उजव्या हाताने उपसणार कशी तो? कारागिराने चित्र तांब्यावर जसंच्या तसं कोरलं, आणि छापताना ते उलटलं. झालं!”

सूचीकारांना हे माहीत होतं. हीच तर त्यातली खरी बोच होती. नोकरीत असताना शेकडो जुनी पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली होती, आणि ‘चित्र उलटे छापले आहे’ असा शेरा त्यांनी स्वतः, स्वतःच्या सुवाच्य अक्षरात, कितीकदा लिहिला होता. हे चित्र मात्र त्यांनी सूचीकार म्हणून पाहिलंच नाही, शिष्य म्हणून पाहिलं. रेकॉर्डींच्या वेष्टनांवर लोक बासरी उजवीकडे धरून उभे दिसायचे तेव्हा, हे चांदीवाले असणार, सवय जात नाही त्यांची, असं मनाशी म्हणून ते पुढे गेले होते. फोटोंपेक्षा त्यांनी पुस्तकावर विश्वास ठेवला.

“वाजवा तरी काहीतरी,” बाई म्हणाल्या.

त्यांनी वाजवलं. लांब सूर आला की आवाज गुडूप व्हायचा; बाईंनी सांगितलेलं आणखी काहीतरी त्यांनी बंद केलं, मग जरा पोचायला लागलं. संपल्यावर बाईंनी मान डोलावली.

“बोटं स्वच्छ आहेत. आणि दबका सूर तुम्ही दबकाच ठेवता. माझे विद्यार्थी तो फुगवायला बघतात, वर्ष-वर्ष त्यांच्या मागे लागावं लागतं. त्या काळातही डावीकडे धरणारे काही होतेच, काका. गुन्हा नाही तो. या वयात बदलत बसू नका.”

“म्हणजे... पास?”

“काय?”

“काही नाही.” सूचीकारांनी घसा साफ केला. “एका परिचितांना शिकायची आहे. नव्याने. तुम्ही घ्याल का?”

“घेईन. पण पहिलं वर्ष पडद्यावरून नको. ओठ कुठे बसतो, अंगठा कुठे दाबतो, ते समोर बसून कुणी तरी बघायला हवं. तुमच्या भागात कुणीच नाही का?”

“नाही,” सूचीकार म्हणाले.

जिन्यावरून ताई आत आली तेव्हा ते बासरीचे चार तुकडे सोडवून पुसत बसले होते. ताईने सगळं ऐकलं होतं, आणि ते लपवण्याचा शिष्टाचार तिच्यापाशी नव्हता.

“चाळीस वर्षं उलट्या बाजूने गाडी!” ती पोट धरून हसली. “आणि एक अपघात नाही!”

“हस तू.”

“हसतेच आहे. मग, लिहिणार का त्या पोरीला?”

“काय लिहू? की तुम्हाला शिकवणाऱ्याला बासरी धरता येत नाही? ती आपली माझ्यासारखी डावीकडे धरायला लागायची. एक जन्म गेला तो पुरे झाला.”

“ती कशाला डावीकडे धरेल? बघू, धर बरं तू.”

“ताई, आता नको.”

“धर म्हणते ना. मी अजून तुला मोठी आहे.”

सूचीकारांनी तुकडे जोडले. ताईने दारामागची छत्री उचलली, समोरची खुर्ची ओढून बसली, आणि छत्रीची मूठ भलत्याच गांभीर्याने ओठाला लावली. भावाची नक्कल करायची ही तिची लहानपणापासूनची खोड होती. आता ती नेहमीप्रमाणे काहीतरी वेडंवाकडं करून दाखवणार, म्हणून सूचीकार तिच्याकडे कंटाळून बघत होते. मग त्यांनी नीट बघितलं.

ताईची छत्री तिच्या उजवीकडे गेली होती. त्यांची बासरी त्यांच्या डावीकडे. दोन्ही एकाच भिंतीकडे, खिडकीच्या भिंतीकडे, रोखलेल्या होत्या. ताईचा डावा हात वर होता, त्यांचा उजवा.

“वरचं दुसरं बोट उचल,” ते म्हणाले आणि स्वतःचं उचललं.

ताईने समोरचं तसंच उचललं. बरोबर तेच. कुठल्या हाताचं, असं तिने विचारलं नाही.

“आता खालची करंगळी दाब.”

ताईची उजवी करंगळी छत्रीवर टेकली. कळ जिथे असायला हवी, तिथेच.

“काय रे?” छत्रीच्या मुठीवरून ताईने विचारलं. “असं काय बघतोस? आरशात बघितल्यासारखं.”

सूचीकार हिशेब मांडत होते. उजवीकडे धरणारा मास्तर समोर बसला, तर विद्यार्थ्याला सगळं मनातल्या मनात फिरवून घ्यावं लागतं. शेजारी बसला तर ओठ दिसत नाही. समोर बसून, न फिरवता, जसंच्या तसं दाखवू शकेल असा माणूस म्हणजे उलटं धरणारा. ओठ, अंगठा, करंगळी, सगळं. त्यांनी हे दोनदा तपासलं, कारण पहिल्यांदा स्वतःच्या बाजूने निघालेल्या कुठल्याही उत्तरावर त्यांचा विश्वास बसत नसे. दुसऱ्यांदाही तेच आलं.

“माझ्या गाडीत मला सगळ्यात छळलं ते या डाव्या-उजव्याने,” ताई सांगत होती. “शेजारी बसून ओरडायचं, डावीकडे, डावीकडे, अगं तुझं डावीकडे! समोर बसता आलं असतं तर...”

“ताई, कागद दे.”

पत्र लिहायला दुपार गेली. पहिल्या मसुद्यात स्वतःच्या उणिवाच दोन पानं भरल्या. ताईने वाचून तो परत केला. “ही अर्जदाराची तक्रार आहे का शिफारस?” दुसऱ्यात त्यांनी लिहिलं, ‘मी शिकवू शकेन असे मला वाटते.’

“‘असे मला वाटते’ काढ.”

“मग खोटं होईल.”

“‘ब्रेक लागतील असे मला वाटते’ म्हणणाऱ्या गाडीत बसशील तू?”

सूचीकारांनी ते खोडलं. मग शेवटी जे लिहिलं ते असं होतं:

‘आपले पत्र मोसमाच्या सुरुवातीस मिळाले. उत्तर दिले नाही, ते धीर नव्हता म्हणून. मला मास्तर नव्हता. मी पुस्तकावरून शिकलो आणि पुस्तकातले चित्र उलटे होते, म्हणून बासरी डावीकडे धरतो. आपण उजवीकडेच धरावी. समोर बसलात तर मी जे करीन ते आरशात दिसावे तसे आपल्याला दिसेल. आपले रजई पांघरलेले सूर चुकीचे नाहीत, ते तसेच असतात. ते कसे वाजवायचे ते दाखवीन. कुठल्याही सुट्टीच्या दिवशी या. मी शिकवतो. हे पत्र बासरी घडवणाऱ्यांना दाखवावे, म्हणजे मुदत वाढेल. ते ज्याच्याबद्दल बोलतात तो ग्रंथालयातला माणूस मीच, हेही सांगावे.’

पाकीट चिकटवलं तेव्हा उन्हं कलली होती. खिडकीची काच कडेने धुरकट होऊ लागली होती. थंडी उंबऱ्यावर आली होती. पेटीतलं टपाल संध्याकाळी उचलतात म्हणून ताईने त्यांना कोट चढवायलाही नीट वेळ दिला नाही. टपालपेटी चौकात होती, किराणा दुकान आणि चांभाराच्या मधोमध. सूचीकारांनी पाकीट अर्धं आत सरकवलं आणि तसंच धरून उभे राहिले.

“ती आली आणि मला नाही जमलं तर?”

“मग तिला कळेल, की नाही जमलं. आत्ता तिला तेवढंही कळत नाहीये.”

“आणि दातवाल्याला आधीच दिली असेल तर?”

“सोड,” ताई म्हणाली.

सूचीकारांनी पाकीट सोडलं. आत कागदावर कागद पडल्याचा बारीकसा आवाज आला. ते वाकून फटीत बघायला लागले.

“आता काढता येत नाही हं,” ताई म्हणाली.

“अडकलं नाही ना, एवढंच बघतोय.”

अडकलं नव्हतं. कोपऱ्यावरून टपालवाली किल्ल्यांचा जुडगा हलवत पेटीकडे येत होती. सूचीकार बाजूला झाले आणि त्यांनी तिला वाट करून दिली.